आधी चंदी, मग चहा

नामिबच्या वाळवंटात घोड्यावरून भटकायला जायचं ठरवलं, की सहल नेणारी मंडळी सर्वांत आधी वजन विचारतात. आपल्याकडे बायकांना हा प्रश्न सरळ कोणी विचारत नाही. ‘तब्येत सुधारली हं तुझी’ अशा आडवळणानेच तो येतो. इथे मात्र फॉर्मवर चौकट असते आणि चौकटीशेजारी मर्यादा छापलेली असते, कुठे ८५ किलो, कुठे ९०. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये, असा घोडेवाल्यांचा जुना आडाखा आहे. तुमचं शिक्षण, हुद्दा, माहेरचं आडनाव यांतलं काहीही घोड्याच्या पाठीला कळत नाही. तिला फक्त किलो कळतात. म्हणजे या सुट्टीतलं खरं गिऱ्हाईक घोडा आहे आणि आपण सामान आहोत, हे फॉर्म भरतानाच ओळखावं. पैसे मात्र सामानाने भरायचे.

बेत असा असतो. नामिबियाच्या मधल्या डोंगराळ पठारावरून निघायचं, पश्चिमेकडे उतरत वाळवंट ओलांडायचं आणि अटलांटिकच्या काठी स्वाकोपमुंडला पोचायचं. अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास. नकाशा बघून आमचे भावोजी म्हणाले, “अहो वहिनी, राजधानीपासून गाडीने चार तासांचा रस्ता आहे हा.”

“हो ना.”

“मग?”

या ‘मग?’ला माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि भावोजींना ते नको होतं. त्यांना माझं डोकं ठिकाणावर असल्याची खात्री करून घ्यायची होती. मी आपलं सांगितलं, की देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा आहे, महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि २०२३च्या जनगणनेत माणसं भरली तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुण्याहूनही कमी. यावर ते गंभीर होऊन म्हणाले, “म्हणजे पडलात तर उचलायलासुद्धा कोणी नाही.”

खरं सांगायचं तर आपल्या मध्यमवर्गाचा घोड्याशी संबंध येतो तो माथेरानात. दस्तुरी नाक्यापासून घोडेवाला पुढे दोरी धरून चालतो आणि आपण वर फोटोपुरते असतो. बाकी लग्नात नवऱ्याला तासभर काय बसवतात तेवढंच. तरी घोड्याचा विषय निघाला की आपल्या रक्तात लगेच अटकेपार दौड सुरू होते. तेव्हाच्या घोडदळात शिलेदार आपला घोडा आणि हत्यारं घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, वर पगार. आम्ही तिसऱ्या प्रकारात मोडतो. घोडा दुसऱ्याचा आणि पगार आपणच द्यायचा. आमच्या तुकडीत बायकाच जास्त होत्या, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या, मुलं मार्गी लागलेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जेवणखाणाची काळजी वाहून थकलेल्या या बायका एवढ्या लांब येऊन घोड्याच्या जेवणखाणाची काळजी वाहत होत्या, आणि तेही खुशीत!

दिवस सुरू होतो तो तोबऱ्यांच्या आवाजाने. अजून उजाडलेलं नसतं, आपण जमिनीवरच्या वळकटीत नाक तेवढं बाहेर ठेवून पडलेलो असतो, आणि दोराला ओळीने बांधलेले घोडे चंदी चघळत असतात. तो आवाज ऐकत पडून राहणं हे या सहलीतलं मोठं सुख आहे असं माझं मत झालं आहे. माणसांचा चहा त्यानंतर. मग खरारा. माझ्या वाट्याला आलेला घोडा बदामी रंगाचा होता, वयाने पोक्त, आणि नाव बॅरन. खरारा फिरवताना तो खालचा ओठ सैल सोडून डोळे अर्धे मिटायचा. पाठीवर खोगीर चढवण्याआधी तळहात सपाट ठेवून केसांच्या दिशेने सावकाश फिरवायचा. एखादं कुसळ, एखादा खडा, घामाचा वाळलेला गोळा, काहीही हाताला लागलं तर आधी ते काढायचं. खालच्या घोंगडीची एक सुरकुती राहिली तर दुपारपर्यंत तिथे गळू येतं आणि पाठ लागलेला घोडा उद्या चालत नाही. मग एकेक खूर उचलून आतला खडा काढायचा. बॅरन खूर द्यायचा, पण त्याबरोबर आपलं निम्मं वजनही माझ्या खांद्यावर सोपवायचा. वजनाची मर्यादा फक्त एका बाजूनेच का, असा प्रश्न तेव्हा मनात आल्याशिवाय राहत नसे. तंग आवळताना तर हा सज्जन छाती फुगवून उभा राही आणि दहा पावलं गेल्यावर श्वास सोडून देई. की तंग ढिला, खोगीर एका अंगाला, आणि मी त्याच्याबरोबर. म्हणून थोडं चालल्यावर पुन्हा आवळायचा, हा नियम. वाटाड्याने तो सांगितला तेव्हा बॅरनचे कान आमच्याकडेच होते.

पहिला काही वेळ चालायचं, मग दुडकी, आणि जमीन कडक व सपाट मिळाली की भरधाव. उतार आला की खाली उतरायचं आणि लगाम हातात धरून पायी. घोड्याच्या पाठीला आराम हवा. आपल्या गुडघ्यांबद्दल वाटाड्या काही बोलत नाही. पाण्याचंही तसंच. उन्हात काम करणारा घोडा दिवसाला चाळीस लिटर सहज पितो, आणि वाळवंटात हे सगळं पाणी ट्रकमधून पुढे जातं. मुक्कामाला पोचल्यावर पहिल्या बादल्या घोड्यांच्या. मग चंदी, वैरण, खोगिराखालची ओली पाठ पुसणं, पायांवर हात फिरवून कुठे गरम लागतंय का ते पाहणं. हे सगळं उरकल्यावर कोणाला तरी आठवतं की आपणही दुपारपासून काही खाल्लेलं नाही. अंघोळीचा विषय सभ्य माणसं काढत नाहीत. नैसर्गिक विधींसाठी एक फावडं आणि एक काडेपेटी ट्रकच्या मागे टांगलेली असते. फावडं जागेवर नसेल तर कोणीतरी गेलंय असं समजून थांबायचं. इतकी चोख व्यवस्था मी आमच्या सोसायटीतही पाहिलेली नाही.

या मुलखात पाऊस जवळजवळ नाहीच. किनाऱ्यालगत वर्षाला वीस मिलिमीटरसुद्धा पडत नाही. समुद्रातला बेंग्वेला हा थंड प्रवाह वरची हवा गार करतो, त्यातून धुकं तयार होतं आणि पहाटे ते आत वाळवंटात शिरतं. त्या धुक्यावर इथला संसार चालतो. एक काळा भुंगा पहाटे टेकाडाच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून शीर्षासन करतो, आणि अंगावर जमलेले धुक्याचे थेंब ओघळून तोंडात येईपर्यंत तसाच उभा राहतो. वेल्विचिया नावाची वनस्पती तर आख्ख्या आयुष्यात दोनच पानं काढते. काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत, तरी पानं तीच दोन, वाऱ्याने फाटून चिंध्या झालेली. आम्ही सगळ्या उतरून भक्तिभावाने फोटो काढत होतो. बॅरनने एकदा हुंगून पाहिलं आणि तोंड फिरवलं. हजार वर्षांचं वय हा त्याच्या लेखी खाद्यगुण नव्हे.

या भागातल्या कुइसेब नदीच्या दरीत १९४०मध्ये हेन्नो मार्टिन आणि हरमान कॉर्न हे दोन जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ येऊन लपले. महायुद्ध सुरू झालेलं, छावणीत डांबले जाऊ ही भीती. सोबत ओटो नावाचा कुत्रा. शिकार करत, नदीच्या पात्रातल्या डबक्यांचं पाणी पीत त्यांनी दोन वर्षांहून जास्त काळ काढला. शेवटी जीवनसत्त्वांच्या अभावाने कॉर्न आजारी पडला, तेव्हा बाहेर यावं लागलं. माणसांपासून सुटका हवी म्हणून आम्हीही आलो होतो, पण आमच्या मागे ट्रक होता आणि ट्रकमध्ये लोणी होतं.

‘निर्मनुष्य’ हा शब्द सहलींच्या माहितीपत्रकात फार गोड दिसतो. कुइसेबच्या काठी तोपनार लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, वाळूत उगवणाऱ्या नारा नावाच्या काटेरी फळावर आणि शेळ्यांवर. म्हणजे निर्मनुष्य हे काही खरं नाही. आणि जिथे आहे तिथे ते नेहमी निसर्गाचंच काम असतं असंही नाही. १९०४मध्ये, इथून बऱ्याच पूर्वेला, जर्मन फौजेने वॉटरबर्गच्या लढाईनंतर हेरेरो लोकांना ओमाहेकेच्या कोरड्या मुलखात हाकललं आणि पाणवठे अडवले. हजारो माणसं तहानेने मेली. जर्मन सरकारने त्याला अधिकृतपणे वंशसंहार म्हटलं ते २०२१मध्ये. त्या फौजेकडेही घोडे होते, आणि त्यांनाही पाणी आधीच पाजलं जात असणार. संध्याकाळी बादली धरून उभं असताना हे आठवलं की बादली जड होते.

दक्षिणेला गरुबजवळ मोकाट घोड्यांचा एक कळप आहे. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सुटलेल्या घोड्यांचे ते वंशज असावेत असं मानतात. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी तिथे विंधणविहीर होती, तिच्या पाण्यावर ते तगले. इंजिनं गेली तरी पाणी चालू ठेवलं गेलं. आमच्या वाटेवर ते नव्हते, पण शेकोटीजवळ गोष्टी त्यांच्याच. मग शेकोटी विझायची आणि डोक्यावर त्रिशंकू यायचा. आपल्याकडे तो मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजालगत शोधावा लागतो. इथे चांगला वर चढलेला. स्वर्गातही घेतलं नाही आणि खालीही येऊ दिलं नाही, अशी त्याची गत झाली होती. दिवसभर खोगिरावर बसून आलेल्या माणसाला त्याच्याविषयी विशेष सहानुभूती वाटते, कारण नीट बसता येत नाही आणि उभंही राहवत नाही.

शेवटच्या दिवशी हवा एकदम गार झाली, धुकं आलं, आणि धुक्यातून लाटांचा आवाज. घोडे पाण्यात गेले. बॅरनने आयुष्यात पाहिलं नसेल एवढं पाणी समोर होतं. त्याने मान खाली घालून एक घोट घेतला आणि ओठ वर करून माझ्याकडे पाहिलं. समुद्र मी केलेला नाही, हे त्याला कसं पटवणार? ट्रक आला, बादल्या आल्या, मग आमचे ग्लास.

रात्री स्वाकोपमुंडच्या हॉटेलात गरम पाण्याने अंघोळ करून घरी फोन लावला. भारतात साडेदहा वाजून गेले होते, तरी आई जागी होती. मी तिला सांगितलं, की बॅरनच्या मागच्या पायाची सूज उतरली, चंदी त्याने पुरती संपवली, पाठीला कुठेही लागलेलं नाही, आणि आता तो ट्रकमधून घरी निघालाय. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं,” ती म्हणाली. “आणि तू जेवलीस का?”