पात्यात तोंड बघणारे

हाताने बनवलेल्या घडीच्या चाकूची हल्ली म्हणे ऑर्डर द्यावी लागते. आगाऊ पैसे, वर्षभर वाट, मग पार्सल. गिऱ्हाईक भिंग घेऊन बसतं: मिटल्यावर पातं बरोबर मधोमध येतं का? पॉलिशमध्ये तोंड दिसतं का? केसभर कलंडलं की तक्रार, आणि त्यावर उत्तर, 'हेच तर हातकामाचं सौंदर्य!' कांदा मात्र त्याने कुणीच चिरत नाही.

आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला लाखांची पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी. तिथे वांगी चिरणाऱ्याला पात्यात तोंड बघायची सवड कुठली?

घिसाड्याचं पाल हेच आमच्या चाकूंचं सेवा केंद्र. ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत, घण बाईच्या हातात. पाणी दिलं, कानस मारली, झालं. फिनिशिंग म्हणजे काजळी फडक्याने पुसणे. तक्रार नेली की 'आणा इकडं', दोन ठोके, धार परत. हमी पाल उठेपर्यंत. पुढे त्याला शोधत कुठल्या गावाला जायचं, ते तुमचं तुम्ही बघा. भाव मात्र तो, पॉलिशची चौकशी केलीत की, लगेच वाढवून सांगतो.