लिहिलंय का कुठे?

आमच्या वहिनी शिकल्या फिजिओथेरपी, पण ऐरोलीतल्या एका कंपनीत अमेरिकेतल्या पेशंटांचे आजार कोडात बसवतात. त्या कोडांवर तिकडची बिलं ठरतात. घरात कुणी काहीही सांगितलं की वहिनींचा पहिला प्रश्न, "लिहिलंय का कुठे?"

फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी हा त्यांचा खास लाडका आजार. "आय-२६" हे त्या माहेरचं गाव सांगावं तशा म्हणतात. आपल्या लेखी गुठळी म्हणजे गुठळी. वहिनी विचारणार, मोठी धमनी दुभंगते तिथे खोगिरासारखी बसलीय, की टोकाच्या बारीक फांदीत? एक की अनेक? (२०१९च्या ऑक्टोबरपासून बारीक फांदीतल्या एकीला आय-२६.९३ आणि अनेकींना आय-२६.९४.) उजव्या हृदयावर ताण आलाय, एवढं लिहून भागत नाही, डॉक्टरनं 'अक्यूट कोर पल्मोनाल' असंच लिहायला हवं. रिपोर्टात सगळं ढळढळीत दिसत असतं, पण निदान करणं वहिनींचं काम नाही. मग त्या डॉक्टरला क्वेरी पाठवतात, आणि तीत उत्तर सुचवायचं नसतं. हा संयम दादाच्या वाट्याला कधी आलेला नाही.

गुठळी विरली, औषधं थांबली, की आय-२६ जाऊन झेड-८६.७११ लागतो: पूर्वी होती, आता नाही. आईनं लग्नातल्या मानपानाचा विषय काढला की वहिनी शांतपणे म्हणतात, "आई, तो आता झेड कोड."

परवा आई म्हणाली, "वरच्या काकूंच्या छातीत बहुतेक गुठळी आहे म्हणे."

"अ‍ॅडमिट आहेत?"

"नाही गं, दाखवून घरी आल्या."

"मग 'बहुतेक' चालत नाही. दम लागतो, एवढंच लिहायचं. अ‍ॅडमिट असत्या आणि डिस्चार्जच्या कागदावर 'प्रॉबेबल' असतं, तर गुठळी आहे असंच धरलं असतं."

"म्हणजे खाट मिळाली की संशयाचा आजार होतो?"

"गाइडलाइन आहे, आई."

एवढं बोलून वहिनींनी काकूंना फोन लावला. एकच पोटरी सुजलीय का? दुखते? पुढच्या तपासण्या सांगितल्यात, त्या केल्या का?

"सुजलीय थोडी. उद्या करू म्हटलं. लेकीकडून परवाच आले ना अमेरिकेहून, विमानात बसून बसून झालं असेल."

"असेल नको, काकू. कागद घ्या आणि खाली या, मी रिक्षा थांबवते."