झोपलेल्या संगणकाला मागून हाक

टेबलावरचा संगणक झोपला की माणूस आधी माऊस हलवतो, मग पॉलिशच्या ढोलात हळद घोळावी तसा तो घोळतो आणि शेवटी एंटरवर मूठ आपटतो. जागं करायला जोर लागतो, या एकाच गैरसमजातून हे सगळे उपाय निघतात. लागतो तो अधिकार. काकड आरतीला टाळ कितीही जण वाजवोत, गाभाऱ्यात कुणी जायचं ते ठरलेलं असतं. यूएसबीचा कायदाही तसाच आहे. जोडणीवर 3 मिलिसेकंद शुकशुकाट झाला की कीबोर्डही पेंगतो. मात्र उठवण्याची मुभा असेल, तर कळ दाबताच तो 1 ते 15 मिलिसेकंदांचा इशारा देतो आणि पुढचं संगणक पाहून घेतो. मुभा नसेल तर मूठ दुखते, एवढंच.

इथे कुणी म्हणेल, झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही. संगणकाची झोप हे सोंगच आहे, हे मान्य: पडदा काळा, पंखा बंद, पण रॅमला वीज चालू आणि उघडी फाईल जशीच्या तशी ध्यानात. तरीही तो उठतो, कारण सोंग घेण्यापूर्वी त्याने कान कुणाला द्यायचा ते ठरवलेलं असतं. म्हणून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जावं आणि संगणक उठवू देण्याच्या चौकटीत खूण करावी. तरीही हूं की चूं नसेल, तर बायोसमध्ये यूएसबीवरून उठण्याची सोय चालू आहे का ते पाहावं. तीही असेल, तर कीबोर्ड हबमधून काढून कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावावा. मागून मारलेल्या हाकेचं सामर्थ्य हिंगोली जिल्ह्याला वेगळं सांगायला नको: औंढ्याला नामदेव देवळामागे कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच फिरलं, अशी आख्यायिका आहे.

माऊसला मात्र ही मुभा देऊ नये. ‘तोच तर हाताशी असतो’ हा आक्षेप खरा, पण दोषही तोच. हादऱ्याला किती जपावं लागतं ते पाहा: त्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी, 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. भुजांच्या लांबीतला, प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक तिला टिपायचा आहे, म्हणून शांत जमीन शोधावी लागली. माऊसही टेबलाचा हादरा टिपतो, पण त्याच्यासाठी जागा शोधायला कुणी समिती नेमत नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला, की हा गुरुत्वीय लहर आल्यासारखा सगळ्यांना उठवून बसतो.

शेवटचा आक्षेप: पॉवरचं बटण आहेच की! आहे, आणि हलकेच दाबलं तर उठवतंही. पण तेच बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं की संगणक थेट बंद पडतो आणि सेव्ह न केलेलं काम त्याच्याबरोबर जातं. जोरावर विश्वास असलेला माणूस बोट लवकर उचलत नाही. उठवायला गेलेला तो मारूनच परततो.