साठावी टोपी

रग्बीचा राष्ट्रीय संघ जाहीर झाला. यादीत सगळं आहे, फक्त स्क्रम उभा कुणी करायचा तेवढं राहिलंय. देशातला सर्वांत अनुभवी टाइटहेड प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या ढकलाढकलीत पहिल्या फळीत मान घालणारा गडी, ३३ वर्षांचा आहे, ठणठणीत आहे, दर आठवड्याला फ्रान्समधल्या एका क्लबाकडून खेळतो आणि समोरच्याला मातीत गाडून परत येतो. पण तो अपात्र. परदेशात करार केलेल्या ज्येष्ठाला देशाकडून खेळायचं तर नावावर ६० कसोट्या लागतात, आणि याच्या नावावर आहेत ५९. देश कुठला ते विचारू नका. असे देश बरेच आहेत आणि असा एक प्रॉप प्रत्येकाकडे असतोच.

साठच का, हे कुणी विचारत नाही. पन्नास म्हटलं तर फार स्वस्त वाटतं, शंभर म्हटलं तर खेळायला उरतो कोण? तेव्हा चहा संपायच्या आत साठवर एकमत झालं असणार. ऑस्ट्रेलियात २०१५ साली हा आकडा आला तेव्हा त्याला देशातल्या सात वर्षांच्या कराराची जोड होती. वेल्समध्ये २०१७ साली साठच ठरले; फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचे पंचवीस झाले. म्हणजे तीस कसोट्या खेळून पोटापाण्यासाठी बाहेर गेलेला वेल्श गडी रात्री फितूर म्हणून झोपला आणि सकाळी देशभक्त म्हणून उठला. मधल्या काळात त्याने फक्त कूस बदलली.

आता हे साठ मोजतात कसे, तेही बघा. राखीव बाकावरचा खेळाडू ७८व्या मिनिटाला आत आला, जर्सीला माती लागायच्या आत शिट्टी झाली, तरी ती पुरी एक कसोटी. असा साठ वेळा आत-बाहेर केलेल्या माणसाच्या खात्यात जमा होतात १२० मिनिटं, म्हणजे दीड सामना. हा अनुभवी. आमचा प्रॉप एकोणसाठ वेळा पहिल्या मिनिटापासून उतरला. दर वेळी पन्नास मिनिटं धरली तरी २,९५० मिनिटं होतात. हा कच्चा लिंबू. दीड सामनावाला जपानहून विमानात बसून संघात येऊ शकतो, २,९५० मिनिटंवाल्याने सामना टीव्हीवर बघायचा. आणि साठावी कसोटी हुकली कुठे, तर सहा वर्षांपूर्वीच्या एका सामन्यात. त्या दिवशी हा बाकावर होता. ऐंशी मिनिटं ट्रॅकसूट घालून बसला, कारण आत खेळणाऱ्या प्रॉपला दृष्ट लागावी असा खेळ होत होता आणि प्रशिक्षकाला बदल करावासा वाटला नाही. बाकावर बसून राहिलेल्याची कसोटी धरत नाहीत. त्या दिवशी आतल्या माणसाचा घोटा जरा मुरगळला असता, तर हा आज निष्ठावंत ठरला असता. या खेळात राष्ट्रनिष्ठा स्वतःच्या छातीत नसते, दुसऱ्याच्या घोट्यात असते. बरं, राहिलेली एक मिळवायची म्हणावं तर त्यासाठी देशाकडून खेळायला हवं, आणि देशाकडून खेळायचं तर ती एक आधीच हवी. ज्या दाखल्यासाठी अर्ज केलाय तोच दाखला अर्जासोबत जोडायला सांगणाऱ्या खिडकीपुढे जो कधी उभा राहिला असेल, त्याला हे फोड करून सांगायला नको. रग्बीत दर कसोटीमागे एक टोपी मोजतात; देशाने या गड्याला एकोणसाठ टोप्या दिल्या आणि साठावी घातली.

इंग्लंडमध्ये आकड्याची भानगडच नाही. तिथे बाहेर खेळणारा घ्यायचा नाही म्हणजे नाही, ‘अपवादात्मक परिस्थिती’ सोडून. हे दोन शब्द मला फार आवडतात. पहिला प्रॉप जायबंदी झाला तर ती नेहमीची परिस्थिती. दुसरा झाला की ‘आम्ही लक्ष ठेवून आहोत’. तिसरा झाला की मग कागद उलगडतात, कारण पहिल्या फळीत खेळायला तयार केलेली माणसं संपली तर रेफरी स्क्रम ढकलाढकलीशिवाय लावतो, आणि दोन्हीकडची आडदांड माणसं लग्नातल्या व्याह्यांसारखी नुसती गळ्यात गळे घालून उभी राहतात. ती शोभा होऊ नये म्हणून रात्री अकरा वाजता परदेशात फोन वाजतो. निष्ठेचा प्रश्न अशा वेळी कुणालाच आठवत नाही.

प्रशिक्षक मात्र कुठलाही चालतो. सात समुद्रांपलीकडून आणा, राष्ट्रगीताच्या वेळी नुसते ओठ हलवू द्या, चालतं. परका खेळाडूही चालतो: सलग ६० महिने देशात राहिला की जर्सी त्याची. इथेही साठच, पण महिने. त्याने राहायचं आहे, खेळून दाखवायचं नाही. २०२२ पासून तर दुसऱ्या देशाकडून खेळून झालेला माणूससुद्धा तीन वर्षं थांबून इकडे येऊ शकतो, त्याचा स्वतःचा, आईबापांपैकी कुणाचा किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म इथला असला म्हणजे झालं. आजी चालते. आजीला कसोट्यांची अट नाही, आजी सध्या कुठे राहते हेही कुणी विचारत नाही. आमचा प्रॉप याच मातीत जन्मला, इथल्याच शाळेच्या मैदानावर त्याचे कान चुरगळले, पण त्याची आजी एकोणसाठच सामने खेळली असावी.

आणि ‘निष्ठा’ हा शब्द ज्या सहजपणे उच्चारला जातो, त्याने माझं डोकं फिरतं. स्क्रममध्ये समोरून आठ जण येतात, सगळ्यांचं मिळून नऊशे किलोच्या आसपास वजन, आणि त्याचा पहिला मार या माणसाच्या खांद्या-मानेवर बसतो. हे त्याने पंधरा वर्षं केलं. पस्तिशीनंतर त्याला कुणी विचारणार नाही, मान वळवायची तर आख्खं अंग वळवावं लागेल, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी राष्ट्रध्वज घेऊन दवाखान्यात कुणी येणार नाही. कमाईची दोन-तीन वर्षं उरलेली असताना फ्रान्सने बरे पैसे देऊ केले, तो गेला. घर चालवायला गेला हो, शत्रूला नकाशे विकायला नाही गेला. त्याला निष्ठेचा पाठ देणाऱ्यांपैकी एकानेही देशासाठी आपलं मानधन अर्धं केल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

सगळेच बाहेर गेले तर घरचे क्लब ओस पडतील, ही भीती खोटी नाही. न्यूझीलंड त्यापायी घरच्या करारावर अडून बसतं, पण तेसुद्धा निवडक जुन्याजाणत्यांना एखादा हंगाम जपानमध्ये कमावायला रजा देतं. बाविशीतल्या पोराला अट घाला, एक वेळ समजू शकतो. पण तेहतिशीच्या प्रॉपला दाराबाहेर उभं करून घरचा कुठला क्लब जगला, ते एकदा दाखवा. साठी बुद्धी नाठी म्हणतात ती माणसाच्या वयाबद्दल. समित्यांना तेवढं थांबावं लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेतही २०१७ साली ३० कसोट्यांची अट आली होती. पुढे ती त्यांनी काढून टाकली आणि जपान, फ्रान्स, इंग्लंड, जिथे जो खेळत होता तिथून त्याला बोलावलं. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी इंग्लंडला ३२–१२ असं हरवलं, आणि तो सामना स्क्रममध्येच निकालात निघाला. २०२३ च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२–११ असं हरवलं. हरलेले दोन्ही संघ घरच्या करारांचे होते.