रक्ताचं पाणी

आमचे वडील जन्मभर भाताच्या चिखलात राबले आणि शेवटपर्यंत माझ्याबद्दल एकच तक्रार करत राहिले, "ह्या पोरानं कशापायी रक्ताचं पाणी केलं न्हाई." आज ते असते तर लॅबचा रिपोर्टच त्यांच्या हातात ठेवला असता. गेली नऊ वर्षं मी रोज संध्याकाळी सात वाजता एक गोळी गिळतो आणि बसल्या जागी रक्ताचं पाणी करतो. घामाचा थेंबही गळत नाही. गळलंच तर रक्त गळतं.

झालं असं की लहानपणी माझा घसा धरला, ताप आला, सांधे सुजले. मलकापूरच्या पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं काही ना काही सुजलेलं असतंच, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. सांधे उतरले, पण जाता जाता तो ताप हृदयाचा एक व्हॉल्व्ह नासवून गेला. पंचेचाळिशीत जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाप लागायला लागली तेव्हा कोल्हापुरात तो व्हॉल्व्ह काढून तिथं यांत्रिक व्हॉल्व्ह बसवला. वस्तू टिकाऊ. पण परक्या वस्तूवर रक्त गोठतं, आणि तिथली गुठळी सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. म्हणून वॉर्फरिन, जन्मभर. सारखी रक्ततपासणी न लागणारी नवी औषधं निघालीत, पण यांत्रिक व्हॉल्व्हवाल्यांना ती चालत नाहीत.

ह्या व्हॉल्व्हला आवाज आहे. रात्री सगळं निजलं की माझ्या छातीत बारीक टिकटिक सुरू होते आणि तोंड उघडं पडलं की ती बाहेर ऐकू येते. "अहो, तोंड मिटा, मला झोप लागेना," असं बायकोनं म्हटलेला महाराष्ट्रातला मी एकमेव न घोरणारा नवरा असेन. पुतण्याची पोरं मला लपाछपीत घेत नाहीत, कारण मी कपाटामागून वाजतो. आणि तीन पानी तर सुटलीच. हातात चांगली पानं आली की टिकटिक वाढते, आणि समोरचे तिघं एकमेकांकडे बघून मुकाट्यानं पत्ते खाली ठेवतात.

आता औषधाबद्दल. पहिली दोन वर्षं मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचो, "हार्टची गोळी चालू आहे." मग एका आषाढात कोठीच्या खोलीत उंदीर झाले. तांदळाची तीन पोती कुरतडली. बाजारपेठेतून उंदराच्या औषधाची वडी आणली आणि चष्मा लावून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. त्या औषधानं म्हणे उंदराचं रक्त गोठेनासं होतं, आणि उतारा व्हिटॅमिन के. माझ्या हातातली वडी खाली पडली. डॉक्टरांनी मला सांगितलेलं शब्दन् शब्द हेच होतं. म्हणजे आमच्या घरात एकाच घराण्याचं औषध दोघं खात होते. उंदरानं एकदाच खाल्लं, मी रोज खातो, एवढाच फरक.

चौकशी केली तेव्हा ह्या घराण्याचा इतिहास कळला. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात जनावरं रक्तस्राव होऊन पटापट मरू लागली. कारण निघालं चाऱ्यात. स्वीट क्लोव्हर नावाचा, आपल्या मेथीच्याच कुळातला चारा बुरशी येऊन खराब झाला की रक्त गोठू देत नाही. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठलेल्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन बर्फाच्या वादळात विद्यापीठात पोचला आणि कार्ल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञापुढे तो ठेवला. लिंकच्या माणसांनी काही वर्षं खपून ते द्रव्य वेगळं काढलं. त्याच वाटेनं पुढे वॉर्फरिन आलं आणि १९४८ साली बाजारात उतरलं ते उंदीर मारायला. माणसांसाठी परवानगी मिळाली १९५४ साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही हेच दिलं. हे वाचल्यावर जरा जिवात जीव आला. उंदीर, मी आणि अमेरिकेचा अध्यक्ष, पंगत तशी वाईट नाही.

लोक म्हणतात 'रक्त पातळ करायची गोळी', पण रक्त पातळबितळ काही होत नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृत व्हिटॅमिन के वापरून तयार करतं, आणि ही गोळी त्यात खोडा घालते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआर नावाच्या आकड्यानं कळतं. तुमचा तो साधारण १ असेल. माझा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या बांधावरून मी आठवडी बाजाराची पिशवी घेऊन चाललेला.

पिशवीत भाजी असते आणि भाजीतच घोळ आहे. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर. "पालेभाजी खा, पण रोज सारखी खा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायकोनं त्यातलं 'पालेभाजी' ऐकलं आणि मी 'खा' ऐकलं. आधी तिनं सहा महिने घरात मेथी येऊ दिली नाही. मग एका बाजाराला मेथी मातीमोल झाली. मी आठ जुड्या आणल्या आणि आठवडाभर दोन्ही वेळा मेथीच. आयएनआर १.६! डोस वाढवला. तोवर मेथी महागली, आम्ही बटाट्यावर आलो, आणि वाढीव डोसावर आयएनआर गेला पाचाच्या वर. दात घासताना बेसिन लाल. मांडीवर काळानिळा डाग उठला, थेट शाहूवाडी तालुक्याच्या नकाशासारखा. कशानं लागलं म्हणून आठवून आठवून थकलो. शेवटी कळलं, कोठीतलं तांदळाचं पोतं मांडीवर टेकवलं होतं. एवढंच. डॉक्टरांनी एक दिवस गोळी बंद ठेवून डोस बदलला आणि म्हणाले, "तुम्हाला औषधाचा नाही, बाजाराचा साइड इफेक्ट झालाय."

तरी खरी फजिती व्हायची होती पावनखिंडीत.

गेल्या जुलैत शाळेतले आम्ही चौघं मित्र ठरवून निघालो. पन्हाळ्यावरून चालत येणाऱ्या मोहिमांचे दिवस. आम्ही चालण्यातले नव्हतो. पांढरेपाण्यापर्यंत जीप, पुढं जमेल तेवढे पाय. निघताना बायको म्हणाली, "कार्ड घेतलं का?" औषध, डोस, आयएनआर, डॉक्टरांचा नंबर असं सगळं लिहिलेलं ते कार्ड. मी म्हणालो, "खिंडीत कुणाला दाखवू? जळवांना?"

देवानं ऐकलं.

पाऊस असा की छत्री नुसती धरायची म्हणून धरलेली. खिंडीच्या पायऱ्यांशी टेकलो तेव्हा एकाचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. "आयला, तुझा मोजा लाल कधीपास्नं?" मोजा सकाळी पांढरा होता. खाली केला तर जळू आपलं जेवण उरकून कधीच गेलेली. घोट्याच्या वर एक बारकं भोक आणि त्यातून निवांत वाहणारी धार.

जळू चावलेली कळत नाही. तिच्या लाळेत हिरुडिन नावाचं द्रव्य असतं, तेही रक्त गोठू देत नाही. विज्ञानाला हे १८८४ पासून माहीत आहे, मला त्या दिवशी दुपारी कळलं. धडधाकट माणसाचीही जळवेची जखम तासन्‌तास झिरपते. इथं तर तिचं औषध आणि माझं औषध पायात एकमेकांना भेटली होती.

तीन मित्र, तीन उपाय. एकानं तंबाखू दाबली. दुसऱ्यानं तिच्यावर चुना लावला. तिसरा म्हणाला, "आता कात टाका की, पान तरी हुईल." आणि दर दोन मिनिटांनी तिघंही फडकं उचलून बघायचे, थांबलं का? फडकं उचललं की धार पुन्हा सुरू. मी डोळे मिटून टिकटिकत बसलो होतो.

१३ जुलै १६६० ला बाजीप्रभूंनी अंगावर जखमा झेलत, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत जिथं वाट अडवून धरली, तिथं मी घोट्याच्या एका भोकापायी "मला घरी न्या रे" म्हणत होतो. एक मित्र न राहवून म्हणाला, "मर्दा, हितं माणसं फौजेला भ्याली न्हाईत, आन्‌ तू जळवेला?"

तेवढ्यात मोहिमेतली एक पोरगी थांबली. चिखलानं माखलेली, वय वीस-बावीस. तिनं तंबाखू-चुना पाण्यानं धुतला, स्वच्छ रुमालाची घडी करून जखमेवर घट्ट दाबली आणि माझा पाय मित्राच्या मांडीवर ठेवला. "वीस मिनिटं कुणी रुमाल उचलायचा नाही," असा दम भरला. मग मला विचारलं, "काका, कसली गोळी चालू आहे का?"

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरंच निघतं. मी म्हणालो, "व्हय. उंदराची."

ती दोन पावलं मागं सरली. मित्रांनी व्हॉल्व्हचं सांगितल्यावर पुन्हा जवळ आली. "नाव काय गोळीचं? डोस किती? कार्ड असेल ना?" गोळीचं नाव मला नऊ वर्षं पाठ, पण त्या क्षणी आठवेना. मित्रांना माहीत नव्हतं. पाव तासानं रक्त थांबत आलं. तिनं पट्टी बांधली, पाणी पाजलं आणि भगव्या झेंड्यामागं निघून गेली. नाव विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी आयएनआर केला. ३.१. अगदी मापात. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काही चुकलेलं नाही." उरलेलं वाक्य त्यांनी गिळलं, ते बायकोनं घरी पूर्ण केलं.

तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल तर एवढं करा. मनानं बंद करू नका, मनानं वाढवू नका. दातवाल्याला तोंड उघडायच्या आधी सांगा. अंग दुखलं म्हणून दुकानातून वेदनाशामक आणू नका, काढे-चूर्णही विचारूनच घ्या. डोक्याला मार लागला किंवा शौचाला काळं झालं तर तंबाखू-चुना करत न बसता दवाखाना गाठा. आणि आज त्या माणसाच्या सदऱ्याचा खिसा चाचपून बघा, कार्ड आहे का. कार्ड सगळ्यांकडे असतं. माझंही होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात, हळदीकुंकू लावून, देव्हाऱ्यात ठेवलेलं.