मुक्काम पोस्ट काका

माझा पुतण्या आणि त्याचे चार मित्र-मैत्रिणी यांनी कोल्हापूरहून मुंबईची दोन दिवसांची सहल आखली. शनिवार-रविवार, आणि खर्च कमीत कमी. तिचा सगळा आराखडा एका एक्सेल फाइलमध्ये होता. ती फाइल माझ्यासाठी नव्हतीच. पुतण्याने ती चुकून घरच्या ग्रुपवर टाकली आणि त्याने पुसायच्या आत मी उघडली. प्रवास, खाणं, फिरणं, खरेदी, इतर, अशा रकान्यांत आकडे शिस्तीत बसले होते. 'मुक्काम' या रकान्यात मात्र आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'काका'.

एक्सेलचा एक मोठा गुण आहे. बेरजेच्या रकान्यात अक्षरं दिसली तर ते कुरकुर करत नाही, निमूट वगळतं आणि पुढे जातं. त्यामुळे मला वगळून माणशी खर्च १,८०० रुपये आला होता. हिशेब बिनचूक होता.

शहरात डॉर्मिटरीतल्या एका खाटेचं रात्रीचं भाडं किती पडतं, ते पोरांनी आधी पाहिलं होतं म्हणे. पाहिल्याबरोबर सगळ्यांना एकदम काका आठवले. त्यातल्या चौघांना तर तोवर मी माहीतही नव्हतो.

आमचं घर डोंबिवलीत. डोंबिवली मुंबईत नाही, ठाणे जिल्ह्यात आहे, हे मी फोनवर सांगून पाहिलं. सीएसएमटी इथून ४८ किलोमीटर, जलद लोकल मिळाली तरी तास-सव्वातास. पुतण्या म्हणाला, "काका, मॅपवर तर चिकटूनच दिसतंय की ओ." मॅपवर रंकाळा आणि पन्हाळाही चिकटूनच दिसतात. पण पोरं यायची ठरली होती, आणि आमच्या घराण्यात पाहुण्याला 'येऊ नका' म्हणायचं वाक्य अजून कुणी शोधलेलं नाही.

तारीख ठरायलाच त्यांना बरेच आठवडे लागले. आधी ग्रुपचं नाव काय असावं यावर मतदान, मग ग्रुपच्या फोटोवर, मग एकाने ग्रुप सोडला, त्याची समजूत. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली, ती अशा ग्रुपांना कंटाळूनच आणली असावी. यांचा ठराव पास झाला तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसचं वेटिंग शंभराच्या पुढे गेलं होतं. मग आदल्या दिवशी सकाळी अकराच्या ठोक्याला पाच मोबाइलवर पाच जण तत्काळला भिडले. तत्काळला पैसे जास्त. तो जादा खर्च ग्रुपच्या अर्थमंत्र्याने (एक चष्मेवाली, सीएच्या पहिल्या परीक्षेला बसलेली मुलगी) 'इतर'मध्ये घातला. पुढे दोन दिवस मी या 'इतर'ची वाढ बघत होतो. ती कोवळ्या पडवळासारखी होती, रात्रीत वीतभर.

शनिवारी पहाटे ही मंडळी कल्याणला उतरून, उजाडायच्या सुमारास आमच्या दारात. वहिनीने आमच्यासाठी भडंगाचा पुडा दिला होता. तो कर्जत यायच्या आत संपला होता. रिकामी पिशवी मात्र पुतण्याने इमानाने माझ्या हातात ठेवली. नंतर पाच आंघोळी झाल्या. पाच मोबाइल एकाच एक्स्टेन्शन बोर्डला लागले, आणि त्यासाठी फ्रिजचा प्लग काढला होता हे आम्हाला दुपारी, दूध नासल्यावर कळलं. बायकोने दीड किलो पोहे भिजवले होते. "काकू, आम्ही सकाळी हेवी खात नाही ओ," असं म्हणत प्रत्येकाने तीन-तीन बश्या हलक्या हाताने संपवल्या. बाहेरच्या नाश्त्याचे माणशी १०० रुपये वाचले, अशी अर्थमंत्र्यांनी लगेच नोंद केली.

दिवसाचा कार्यक्रम मला दाखवण्यात आला. गेटवे, फॅशन स्ट्रीट, मरिन ड्राइव्ह, हाजी अली, सिद्धिविनायक, शाहरुख खानच्या घराचं फाटक, जुहू, आणि मध्ये दोन 'हिडन जेम्स'. हे सगळं एका दिवसात. प्रत्येक जागेला २५ मिनिटं, कारण रीलला तेवढी पुरतात. सिद्धिविनायकाच्या रांगेलाही २५ मिनिटंच दिली होती. बाप्पाची परवानगी घेतली होती का, ते विचारायचं राहिलं.

मीही माझी एक यादी केली होती, वहीच्या पानावर. जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ पासून उघडी, प्रवेश फुकट. गांधीजींचं मणिभवन. एशियाटिकच्या पायऱ्या, कितीही वेळ बसा. राणीच्या बागेत ५० रुपयांत पेंग्विन, आणि पेंग्विनांच्या कृपेने एसीही. सीएसएमटीच्या बाहेरून बेस्टची नवी एसी डबलडेकर, वरच्या मजल्यावरची पुढची सीट, तिकीट १२ रुपयांपासून. जुनी, बिनएसीची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. तिच्या त्या सीटसाठी मी तरुणपणी तीन-तीन बस सोडलेल्या आहेत, त्यामुळे या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली होती. यादी पोरांनी आदराने वाचली. "भारी आहे काका, पण ही शाळेची ट्रिप वाटतीय." वहीचं पान नंतर पोह्याच्या बशीखाली सापडलं.

पोरं निघाली आणि दीड तासात फोन आला. झालं होतं असं की, १५ रुपयांचं सेकंड क्लासचं तिकीट काढून पोरं फलाटावर उभी राहिली. पहिली लोकल आली, हे चढायच्या आत निघून गेली. दुसरीतून लोक उतरले त्या लोंढ्यात हे जिन्यापर्यंत वाहत गेले. तिसऱ्या गाडीला चष्मेवालीला एक जरा मोकळा डबा दिसला, गाद्यांच्या सीटचा. बाहेरून तिरके पट्टे ओढलेले. पट्ट्यांचा अर्थ फर्स्ट क्लास, हे डोंबिवलीत बालवाडीतल्या पोरालाही कळतं, पण ते कुठल्या रीलमध्ये नसावं. दादरला टीसी चढला. माणशी २५० रुपये दंड, वर भाडं. पोरांनी टीसीला सांगून पाहिलं, "आम्ही कोल्हापूरचे आहोत." हे वाक्य कोल्हापुरात चालतं.

फोनवर पुतण्याचा आवाज बारीक झाला होता. "काका, हे 'प्रवास'मध्ये घालू का 'इतर'मध्ये?"

मग सीएसएमटीला उतरून त्यांनी वीस मिनिटं रिक्षा शोधली. शहरात रिक्षा नसते, ती वांद्र्याच्या आणि शीवच्या पलीकडेच थांबते, हे सांगायला मी तिथे नव्हतो. ज्या इमारतीकडे पाठ करून ती रिक्षाला हात करत होती, ती फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली, २००४ पासून युनेस्कोच्या वारसायादीत. सगळं जग तिचे फोटो काढायला येतं. यांनी काढला तो समोरच्या फुटपाथवरच्या मोबाइल कव्हरच्या गाडीचा. हाजी अलीला पोचले तेव्हा भरती होती आणि दर्ग्याची वाट पाण्याखाली. जहांगीर आर्ट गॅलरीत मात्र गेले. मला क्षणभर बरं वाटलं. पुढे कळलं, स्वच्छतागृहासाठी.

आणि या सगळ्यात कॉफी. काळाघोड्याजवळच्या कुठल्याशा कॅफेत पाच जणांनी पाच कोल्ड कॉफ्या घेतल्या, एकीचे ३४० रुपये. मी हबकलो. फॅशन स्ट्रीटवर यांनीच एका टी-शर्टच्या ५० रुपयांसाठी पाऊण तास घासाघीस केली होती, दोनदा निघून जायचं नाटक करून. "काका, तिथं वाईब आहे." हा वाईब काय ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण तो आमच्या घरात नाही हे कळलं, कारण रात्री आल्यावर बायकोने केलेल्या फिल्टर कॉफीचा कुणी फोटो काढला नाही. प्यायले मात्र दोन-दोन कप.

झोपायची व्यवस्था अशी: मुली काकूबरोबर बेडरूममध्ये, मुलं हॉलमध्ये, समोरच्या ब्लॉकमधून आणलेल्या गाद्यांवर. उरलेला मी बाल्कनीत, सतरंजीवर. माझं मलाच हसू आलं. १९९१ मध्ये मी मुलाखतीला म्हणून कोल्हापूरहून आलो तो गिरगावात आत्याच्या चाळीत उतरलो. दहा बाय बाराची खोली, आधीच सात माणसं. मी आठवा, गॅलरीत. दोन दिवसांसाठी आलो होतो, चार महिने राहिलो. आत्याला त्या काळात मी एकदा पाव किलो बर्फी नेल्याचं आठवतं, आणि तीही ऑफिसात कुणीतरी वाटलेली. आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे. तेव्हा माझ्याकडे एक्सेल नव्हतं, एवढाच काय तो माझा सभ्यपणा.

झोपताना मी सगळ्यांना बजावलं, "उद्या लवकर निघा, ब्लॉक आहे."

हॉलमधला एक जण दचकून उठला. "कुणी ब्लॉक केलं काका?"

दुसऱ्याला वाटलं, मी ज्या ब्लॉकमधून गाद्या आणल्या तिथे काही झालं. मेगाब्लॉक म्हणजे काय, दर रविवारी रेल्वे रुळांची कामं कशी काढते, जलद गाड्या धीम्या रुळांवर कशा येतात, हे मी अंधारात पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी घोरण्याचा आवाज आला.

रविवारी पोरं अर्थातच दहाला उठली. ब्लॉकमध्ये भरकटू नयेत म्हणून मी सोबत निघालो. सामान उचलायला एक माणूस वाढला म्हणून पोरंही खूश झाली. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर पावभाजी झाली. मला साखर आहे, लोणीही बंद, मी एक पाव कोरडा खाल्ला आणि पोरांकडे बघत बसलो. खरं सांगायचं तर ती सुरेख दिसत होती, दमलेली, वाळूने भरलेली, पाचही जण एकाच वेळी बोलणारी. मरिन ड्राइव्हचे दिवे लागले तेव्हा चष्मेवालीने मोबाइल खाली ठेवला आणि चांगली दोन मिनिटं नुसतं बघितलं. ते कुठल्याच रकान्यात गेलं नसावं. रात्रीच्या महालक्ष्मीला त्यांना बसवून मी डोंबिवलीला आलो.

सोमवारी सकाळी कोल्हापूरहून थोरल्या भावाचा फोन. आवाजात अभिमान मावत नव्हता. "पोरांनी मुंबई किती स्वस्तात केली बघ. अख्खी मुंबई दोन हजारात! आणि तू पस्तीस वर्षं रडतोयस, परवडत नाही म्हणून. जरा शिक त्यांच्याकडनं." दंडाचं काही त्याच्या कानावर नव्हतं. मीही घातलं नाही. काकाला तेवढं सांभाळावं लागतं.

फोन ठेवतोय तोच मोबाइल पुन्हा वाजला. पोरांनी खर्च वाटून घ्यायच्या एका अ‍ॅपवर मलाही जोडलं होतं. चौपाटीचं बिल: पावभाजी तीन प्लेट, जादा पाव, पाण्याच्या बाटल्या, एकूण ७०८ रुपये, भागिले सहा. माझ्या नावासमोर लाल अक्षरांत, 'देणे: ११८ रुपये'. खाली चष्मेवालीची टीप: 'काका, सावकाश द्या, घाई नाही.' शेजारी हात जोडल्याचं चित्र.

एक्सेलमध्ये नुसता शब्द असलेला मी अखेर आकड्यात आलो होतो.

मी बायकोला मोबाइल दाखवला. ती गाद्यांचे अभ्रे भिजवत होती. तिने ओल्या हातांनीच वाचलं.

"दिलेत का?"

"अजून नाही."

"मग आधी देऊन टाका. उद्या कोल्हापूरभर व्हायला नको, डोंबिवलीचे काका पोरांचे पैसे बुडवतात म्हणून."