ऐंशी जीबीतलं पनवेल

"कढीपत्ता घे गं हवा तेवढा, पण जरा थांब. लाइन आळीतल्या प्रेसवाल्या काकांचं कळलं का तुला?"

"नाही बाई. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"त्यांना काय धाड भरलीय! तब्येत बिघडली त्यांच्या कॉम्प्युटरची. चालू केला की आतून टक्‌ टक्‌ आवाज, आणि जागा तर कधीचीच संपलेली. ऐंशी जीबीची डिस्क ती. आधीचा कॉम्प्युटर २६ जुलै २००५ च्या पुरात गेला, त्यानंतर घेतलेला हा. तेव्हापासून अर्ध्या जुन्या पनवेलच्या लग्नपत्रिका, मुंजी, बारशी, सगळं त्याच एका डब्यात."

"पण काकू, पत्रिकेला अशी कितीशी जागा लागते?"

"पत्रिकांनी नाही, फ्लेक्सनी भरली! २०१६ साली महापालिका झाली आणि जो तो भावी नगरसेवक. वाढदिवसाचा फ्लेक्स, निवडीचा फ्लेक्स, दहीहंडीचा फ्लेक्स, आणि एकेक फाइल ही एवढी. आमचा नातू सांगत होता, एकाच माणसाच्या फोल्डरात तीन पक्षांचे फ्लेक्स आहेत. फोटो तोच, जोडलेले हात तेच, मागचा रंग तेवढा बदललेला. कोण ते विचारू नकोस, कुंपणालाही कान असतात."

"मग सरळ नवा लॅपटॉप घ्यायचा."

"त्यांचा मुलगा हेच म्हणाला. पुण्याहून आला, सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या, आपल्या लॅपटॉपवर टाकल्या आणि मोठ्या ऐटीत बापाला उघडून दाखवल्या. तर 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं! काका मटकन खालीच बसले."

"व्हायरस का?"

"छे गं. आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोड, कुठेही उघडा, मराठीच दिसतं. ती श्री-लिपीच्या काळातली सॉफ्टवेअरं वेगळी. आत नोंद इंग्रजी अक्षरांचीच, वरून फॉन्ट त्यांना मराठी रूप देणार. फॉन्ट मागे राहिला की सोंग उघडं पडलं. शिवाय काकांच्या सॉफ्टवेअरला एक लॉक लागतं, काडेपेटीएवढं, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात खोचायचं. नव्या लॅपटॉपला तसलं पोर्टच नाही! मग आमच्या नातवानं ठरवलं, कॉम्प्युटर तोच ठेवायचा, आत नुसती डिस्क मोठी बसवायची."

"म्हणजे तेच की, सगळं कॉपी-पेस्ट."

"मीही तेच म्हटलं, तर हसला मला. कॉपी-पेस्टनं पत्रिका जातील, फोटो जातील, विंडोज जात नाही. मशीन चालू करून देणारा डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा असतो, तो तर आपल्याला दिसतही नाही. त्याला क्लोनच करावं लागतं. आपण रोप मातीच्या गड्ड्यासकट हलवतो ना, तसं. डिस्क आणायला पार लॅमिंग्टन रोडला गेला पोरगा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय इतकी वर्षं, पण म्हणतं का कोणी? एक टीबीची आणली. दुकानदार चार टीबीची गळ्यात मारत होता, पण काकांचं ते जुनं विंडोज एक्सपी, दोन टीबीच्या पुढचं त्याला झेपतच नाही म्हणे."

"आणि ती टक्‌ टक्‌?"

"ते ऐक ना. काकांचं टुमणं, आधी आवाज दुरुस्त कर. हा म्हणाला, आजारी डिस्कला राबवायचं नाही, आधी नक्कल उतरवून घ्यायची, डागडुजी काय ती नकलेवर. दोन्ही डिस्क जोडल्या आणि पेनड्राइव्हवरून ते क्लोनझिला चालू केलं. तैवानच्या लोकांनी केलेलं, चक्क फुकट. ते विचारतं, कुठून कुठे? उलटं सांगितलंस तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सगळं साफ! म्हणून 'नक्की ना?' असं दोन-दोनदा विचारतं. यानं आकडे बघून खात्री केली, ऐंशीवाली कुठली, हजारवाली कुठली. काका डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. थोडा भाग वाचताच येईना, पण तेवढा सोडून पुढे जा, असं यानं आधीच सांगून ठेवलेलं."

"झालं मग एकदाचं?"

"झालं. लॉक चाललं, पत्रिका उघडल्या. आणि डिस्क दाखवतेय जुन्या डिस्कएवढीच! काका भडकले, मग एवढे पैसे कशाला घातले? तर जशीच्या तशी नक्कल म्हटल्यावर कप्प्याचं मापही जुनंच उतरलेलं. उरलेली जागा वेगळी जोडून द्यावी लागते, ती दिली. तरी हजार काही भरेनात, नऊशे एकतीस! काका म्हणे दुकानदारानं सत्तर जीबी खाल्ले. नातवानं कागदावर मांडून दाखवलं, डिस्क बनवणारे हजारानं मोजतात आणि विंडोज १०२४ नं. काका म्हणाले, म्हणजे मापात पापच की!"

"आणि जुनी डिस्क?"

"काकी भंगारवाल्याला देत होत्या, नातवानं हातातून काढून घेतली. डिलीट केलं म्हणून पुसलं जात नाही गं, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतलं आतच राहतं. आणि त्यात वाटलेल्याच नाहीत, न वाटलेल्या पत्रिकाही आहेत."

"न वाटलेल्या?"

"मोडलेली लग्नं! वडाळे तलावाकडच्या एक बाई आहेत, आता मुलं कॉलेजात. त्यांच्या नावाची पत्रिका आहे, नवऱ्यामुलाचं नाव भलतंच. काकींनी एवढं सांगितलं आणि जीभ चावली."

"कोण हो काकू?"

"मला कुठे माहीत! नातवाला विचारलं तर म्हणतो, 'आजी, तो गिऱ्हाइकांचा डेटा आहे.' फ्लेक्सचं बरं सांगितलंस, म्हटलं, तर म्हणे ते चौकात लागलेलेच होते. चार पुरणपोळ्या खाल्ल्या मेल्यानं, तरी तोंड उघडलं नाही. संकष्टीला येतोय परत. मोदक करणार आहे, तू ये सात-साडेसातला."